बखरीतली हिरू

सन १८८६. पौषातल्या एका दुपारी कमळाबाईंनी बखरीवरचा रुमाल सोडला, खुणेच्या पानावर बोट ठेवलं आणि मान वर केली, तर समोरच्या जाजमावर चारच बायका होत्या.

“बाकीच्या कुठे उलथल्या?”

वहिनींनी हातातल्या वातीवरची नजर काढली नाही. “मास्तरांच्या बिऱ्हाडी. त्यांची बायको उत्तरा, तिच्याकडे नवी कादंबरी आलीय म्हणे.”

“आज एकादशी. एकादशीला कादंबरी?”

“एकादशीला खायचं नसतं, वन्सं. ऐकायचं नाही असं कुठे सांगितलंय?”

कमळाबाईंनी पान सरळ केलं. त्यांनी वाचायला सुरुवात केली. आवाज रोजच्यापेक्षा चढा लागला होता, तो त्यांच्या त्यांनाच ऐकू येत होता. मागल्या कुंपणापलीकडून बायकांच्या हसण्याची लाट आली, तेव्हा जाजमावरच्या चौघींनी एकदमच माना तिकडे वळवल्या आणि एकदमच परत आणल्या. दाराबाहेरच्या पायरीवर मिठाची पाटी उतरवून बसलेली खाडीकाठच्या कोपर गावची सखुबाई तेवढी हलली नाही.

कल्याणात शेणाळ्याच्या तळ्याकडून पारनाक्याकडे येताना अण्णांचं घर लागे. कमळाबाई अण्णांची धाकटी बहीण. नवव्या वर्षी लग्न झालं, अकराव्या वर्षी कपाळ पांढरं झालं आणि अंगावर विधवेचं लाल अलवण घेऊन ती माहेरी परत आली. बापानं मुलीला दुसरं काही देता येईना म्हणून अक्षरं दिली. पुढं बाप गेला, अक्षरं राहिली. आता चाळिशीला टेकलेल्या कमळाबाईंना सणावाराला कुणी बोलावत नसे, डोहाळजेवणाला त्यांची सावली चालत नसे. पण अण्णा गावच्या लायब्ररीचे चिटणीस होते आणि दर रविवारी सकाळी ते पगडी घालून निघाले की कमळाबाई त्यांच्या हातात एक चिठी ठेवत. चिठीत अकरा घरांची नावं आणि प्रत्येक नावापुढे एक पुस्तक. लायब्ररीत गृहस्थ विचारत, “काय अण्णा, आमच्या घराला या खेपेला काय नेमलंय?” अण्णा चिठी बघून पुस्तक काढून देत. घरी मग कुठे बाई अक्षर लावून वाची, कुठे दिवेलागणीला नवरा वाचून दाखवी.

कमळाबाई पुस्तक द्यायच्या ते वैद्यानं पुडी द्यावी तसं. सासूशी पटत नाही तिला ‘दक्षिणच्या पातशाह्यांची हकीकत’: घर फुटलं की राज्य कसं जातं ते कळू दे. जिचं मूल गेलं तिला काशीयात्रेचं वर्णन. जी फार मिरवते तिला शहात्तरच्या दुष्काळाचा वृत्तांत. सगळं खरं, घडलेलं. आणि बापाची जी बखर लायब्ररीतही नव्हती, ‘खाडीकोटाची बखर’, ती त्या स्वतः दुपारी माजघरात वाचून दाखवत. तेवढ्या दोन घटका बायका त्यांच्या तोंडाकडे बघत बसत. वर्षभरात त्यांच्याकडे कुणी तसं बघे ते तेवढंच.

मग इंग्रजी शाळेवर प्रभाकरमास्तर बदलून आले आणि त्यांच्यामागून ठाण्याहून त्यांची बायको आली. उत्तरा विशीचीही नव्हती. ती पुडी देत नसे. ती बाईचं तोंड बघे आणि हसून म्हणे, “काकू, तुम्हाला ‘दोन अंगठ्यांची गोष्ट’ आवडेल. त्यातली मावशी अगदी तुमच्यासारखी आहे, मनात काही म्हणून ठेवत नाही.” गोपिकाकाकूंना ही स्तुती वाटली. त्यांनी ती गल्लीभर सांगितली.

संक्रांत होऊन गेली तोवर अण्णांच्या चिठीतली अकराची सात झाली होती. शिवरात्रीला तीन.

“बाकीच्या घरांनी स्वतःच नावं सांगितली,” अण्णा म्हणाले. पगडी खुंटीला लावताना त्यांनी बहिणीकडे पाठच ठेवली.

“कुणी सांगितलेली?”

“आता ते मी कसं सांगू?”

कमळाबाईंनी चिठीची घडी घातली, आणखी एक घातली, आणखी एक घातली. मग ती चुलीत टाकली.

मास्तरांच्या बिऱ्हाडाची मागली पडवी आणि अण्णांची विहीर यांच्यात फक्त एक तुटकं कुंपण होतं. उत्तरा पडवीत वाची. त्या दिवसांत कमळाबाईंची भांडी फार वेळ घासली जाऊ लागली. पितळी तांब्या तीनतीनदा चिंचेनं उजळून निघाला. ‘सौदामिनीचा वनवास’ त्यांच्या कानात तुकड्यातुकड्यानं शिरला. त्यातला दिवाण दुष्ट आहे हे उत्तरेच्या श्रोत्यांना कळायच्या आधी त्यांनी ओळखलं होतं. मुलगी वाचत होती मात्र सुरेख. स्वतःचा आवाज ती मधे येऊ देत नव्हती. ही गोष्ट ध्यानात आली तेव्हा कमळाबाईंनी तांब्या विहिरीच्या कठड्यावर असा आपटला की त्याला पोचा पडला.

एके दुपारी सौदामिनी तान्ह्या मुलाला घेऊन पुरात उतरली, आणि उत्तरेनं पुस्तक मिटलं. “उरलेलं परवा.” त्या दिवशी कमळाबाईंच्या हातून आमटीत दोनदा मीठ पडलं.

दुसऱ्या दिवशी अण्णांच्या माजघरात बैठक होती. उत्तरा आपणहून आली, नमस्कार करून कोपऱ्यात बसली. ती आली म्हणून बाकीच्याही आल्या. महिन्याभरानं जाजम भरलं, ते कुणामुळे भरलं हे कमळाबाईंना बरोबर कळलं. बखरीचा रुमाल त्यांनी सोडलाच नाही.

“काय गो,” त्या म्हणाल्या, “लेकुरवाळीला पुरात उभी करून पुस्तक मिटलंस काल. पोथी वाईट जागी ठेवू नये, पुढचं बरं पान लागेपर्यंत वाचावं, एवढंही ठाण्याला शिकवत नाहीत?”

गोपिकाकाकूंनी गुडघ्यावर थाप मारली.

“अगो बाई! म्हणजे तुम्हीसुद्धा ऐकता तर!”

जाजमभर हशा पिकला. कमळाबाईंनी डोक्यावरचा पदर कानांवर ओढून घेतला.

“कानावर पडतं. विहिरीवर जाताना काय कान उतरवून खुंटीला लावायचे? आणि ऐकायचं काय त्यात? सगळं लटकं. ती सौदामिनी कधी झाली नाही, तो दिवाण झाला नाही. मुंबईत कुणा रिकामटेकड्यानं बसून रचलंय ते.”

“लटकं?” गोपिकाकाकूंचा चेहरा पडला. त्यांनी उत्तरेकडे पाहिलं. उत्तरेनं हळूच मान डोलावली. मग काकूंचं तोंड उजळलं. “म्हणजे ते पोर खरंच बुडत नाहीये? सुटले गो बाई! काल माझ्या घशाखाली घास उतरला नाही. वहिनी, साखर आणा चिमूटभर.”

“साखर कसली वाटता?” कमळाबाईंचा आवाज फुटला. त्यांनी बखरीवर तळहात आपटला. “हे बघा. यात आहे ते घडलंय. अक्षर न् अक्षर. ज्यांना खऱ्याची चाड आहे त्यांनी हे वाचावं. बाकीच्यांनी खुशाल स्वप्नं चघळावीत.”

“तर काय!” पायरीवरून सखुबाई म्हणाली. “आमची हिरू काय लटकी हाय? आमचे गावान तिचे नावाचा दगर मांडलाय, बाय. शेंदूर लावलाय. दर आवसेला नारल फोरताव आमी.”

“हिरू कोण?” उत्तरेनं विचारलं.

मग सगळ्याच बोलू लागल्या. मिठागरावरची हिरू. जिनं कोट घ्यायला आलेल्या तीनशे माणसांना पहाटेच्या ओहोटीला खाडीच्या चिखलातून पार नेलं ती. तिचा नवरा फिरंग्यांनी कोटात कोंडला होता. आणि कोट पडल्यावर बक्षीस घ्यायला थांबली नाही, त्या दिवशी मीठ ओढायचं होतं म्हणून सरळ मिठागरावर परत गेली.

“येवढाच मना समजत नाय,” सखुबाई म्हणाली. बखरीतलं ते पान वर्षातून एकदा येई, आणि हा प्रश्न ती दरवर्षी विचारी. “तीनशे मानसं काळोखान तिचे मागं आली कशी? चिखलान पावलाची खून टिकत नाय.”

“तिच्या मागोमाग आली,” कमळाबाई दरवर्षीसारखंच म्हणाल्या.

उत्तरा उठून जवळ आली. “कमळाताई, मला वाचायचीय हिरू. चार दिवस बखर द्याल?”

सगळ्यांचे डोळे कमळाबाईंवर लागले. वाचावं म्हणून त्यांनीच तर आत्ता सांगितलं होतं. त्यांनी रुमालाची गाठ उगाचच सोडली आणि पुन्हा बांधली. मग बखर पुढे केली. बापाच्या मागं पंचवीस वर्षांत ती पहिल्यांदाच त्यांच्या हातातून दुसऱ्या वाचणाऱ्या हातात गेली.

कारण बखरीत हिरू नव्हती.

बखरीत होतं ते इतकंच: ‘ओहोटी पाहून लोक खाडी पार झाले. वाटाड्या मिळाला.’ त्याखाली अख्खं पान दारूगोळ्याची याद. आठ वर्षांमागे कमळाबाई हे वाक्य वाचत असताना पायरीवरून सखुबाईनं विचारलं होतं, “वाट कोनी दावली गो बाय?” आणि डोळे पानावरून न उचलता कमळाबाईंच्या तोंडून गेलं, “एका बाईनं. मिठागरावरच्या.” बखरीच्या दीडशे पानांत एकाही बाईचं नाव नव्हतं. पुढच्या वर्षी त्या बाईला नाव आलं. त्याच्या पुढच्या वर्षी नवरा आला, म्हातारी सासू आली. दारूगोळ्याच्या यादीवरून बोट फिरवत कमळाबाई हिरूला चालवत नेत, आणि पहिल्या वर्षी छाती धडधडली तशी नंतर कधी धडधडली नाही. पुढंपुढं तर पान उघडलं की त्यांना स्वतःलाही यादी दिसेनाशी झाली.

आता ती दुसरीला दिसणार होती.

पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी सखुबाई मीठ न घेताच आली.

“बाय, एक काम हाय. दगराला चौथरा बांधतान आमचे लोक. गोविंदा पाथरवट बोलला, नाव कोरीन, पन कागदाव लिवून आना. तुमी लिवून देवा.”

कमळाबाईंनी दौत पुढे ओढली. बोरू बुडवला. कागदावर टेकवला आणि तसाच धरून ठेवला. शाईचा थेंब पसरत गेला.

“आज बोरू नीट चालत नाही गो,” त्या म्हणाल्या. “रविवारी ये.”

सखुबाई गेल्यावर त्यांनी तो डागाचा कागद उताणा-पालथा करून पाहिला. उत्तरेनं नुसतं एवढं म्हटलं, की कमळाताई, या पानावर तर तोफांची यादी आहे, तर झालं. गल्ली हसेल, ते एक वेळ सोसेल. पण सखुबाई? खाडीकाठचं एक गाव वर्षानुवर्षं त्यांच्या थापेपुढे नारळ फोडत होतं. आणि सांगणार कोण, तर सौदामिनीवाली! कमळाबाईंना भीतीपेक्षाही हेच अधिक झोंबत होतं. कुंपणापलीकडून दोन दिवस वाचनाचा आवाज आला नव्हता. ती मुलगी बखर वाचत होती.

रविवारी दुपारी जाजम भरलं. गोपिकाकाकू सगळ्यांत पुढे. पायरीवर सखुबाई, आज हात धुऊन, पदर नीट करून. उत्तरा रुमाल छातीशी धरून आली. तिनं बखर कमळाबाईंसमोर पाटावर ठेवली, पण हात काढला नाही.

“कमळाताई, हिरूचं पान मी वाचू? तुमची हरकत नसेल तर.”

“वाच,” कमळाबाई म्हणाल्या. नाही म्हणायला काही कारणच सापडेना.

उत्तरेनं पान उघडलं. बरोबर तेच पान. कमळाबाई शेजारीच होत्या, त्यांना अक्षरं दिसत होती. तिनं ओळीवर बोट ठेवलं.

“ओहोटी पाहून लोक खाडी पार झाले,” ती म्हणाली. बोट पुढे सरकलं. गाडे बारा, तोफा लहान-मोठ्या नऊ. “वाट दाखवणारी मिठागरावरची हिरू. तिचा नवरा कोटात कैद होता. घरी सासू म्हातारी, डोळ्यांनी अधू. तिला पाणी भरून ठेवून हिरू पहाटे निघाली.”

कमळाबाईंचेच शब्द. ती ज्या बैठकींना नव्हती त्यांतले. कुणाकुणाला विचारून तिनं ते गोळा केले होते कोण जाणे. बोट शिशाच्या गोळ्यांवरून, दोरखंडांच्या भाऱ्यांवरून सावकाश फिरत होतं.

“गुडघाभर चिखल होता. काळोख होता. मागच्या लोकांना वाट कळावी कशी?” उत्तरा थांबली नाही, पान उलटल्यासारखा तिचा आवाज जरासा खाली आला. “तर हिरूनं निघताना ओटीत मीठ भरून घेतलं होतं. जिथं जिथं पायाखाली घट्ट लागे तिथं ती मूठभर मीठ टाकी. काळ्या चिखलावर पांढरी खूण. तीनशे लोक ते मीठ बघत बघत पार झाले. उजाडलं, भरती आली, मीठ विरून गेलं. म्हणून ती वाट मागाहून कुणाला सापडली नाही.”

पायरीवर सखुबाईनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं. मग ती हात काढून म्हणाली, अगदी हळू, जणू शेजारणीला सांगावं तसं,

“मीठच तं. दुसरा काय असंल तिचे वटीत!”

आणि मग कमळाबाईंकडे वळून, “बाय, ह्या पान तुमी कवाच वाचला नाय आमाला?”

सगळ्यांनी कमळाबाईंकडे पाहिलं. उत्तरेनंही पाहिलं. तिच्या डोळ्यांत थट्टा नव्हती. थट्टा असती तर सोपं झालं असतं.

“ते पान चिकटलं होतं,” कमळाबाई म्हणाल्या. “दमट हवेनं.”

गोपिकाकाकूंनी बखरीवर अक्षता टाकल्या. आठ वर्षं, कमळाबाईंच्या मनात आलं. समोर मिठाची पाटी घेऊन बाई बसलेली, दरवर्षी तोच प्रश्न विचारतेय, आणि आपल्याला मीठ सुचलं नाही. ती पोरगी परवा ठाण्याहून आली आणि चार दिवसांत तिला सुचलं. कमळाबाईंनी एकेक अक्षत वेचून काढली. वेचायला बराच वेळ लागला.

बायका पांगल्यावर उत्तरा विहिरीवर हात धुवायला थांबली. कमळाबाई मागोमाग गेल्या.

“मीठ कुठल्या पानावर मिळालं तुला?”

“तुमच्याच पानावर,” उत्तरा म्हणाली. “नुसतं टाकायचं राहिलं होतं.”

कमळाबाईंनी दोर ओढून पाणी शेंदलं, तिच्या हातावर घातलं.

“पुस्तकाचं पान दुमडू नये,” त्या म्हणाल्या. “कोपरा दुमडलायस तू.”

“चुकलं, कमळाताई.”

संध्याकाळी सखुबाईला दोन अक्षरं लिहून मिळाली, मोठी, सुबक. त्या रात्रीच्या आमटीत मीठ बरोबर होतं. पुढच्या रविवारी अण्णांनी चिठी उघडली तेव्हा तीन घरांच्या खाली चौथं नाव होतं, खुद्द त्यांच्याच घराचं, आणि पुढे लिहिलं होतं: ‘सौदामिनीचा वनवास, भाग दुसरा.’ अण्णांनी ते पुस्तक पगडीखाली झाकून आणलं.

दोन वर्षांनी प्रभाकरमास्तरांची बदली रत्नागिरीस झाली. निघताना उत्तरा पाया पडायला आली, तेव्हा कमळाबाई सोवळ्यात आहेत असं वहिनींनी सांगितलं. त्या सोवळ्यात नव्हत्या. माजघराच्या झडपेआड उभ्या होत्या.

गोपिकाकाकू नव्वद साली तापानं गेल्या. शेवटच्या दिवसांत दोन अंगठ्यांपैकी खरी कुठली निघाली ते विचारीत होत्या, वहिनींनी सांगितलं तेव्हा डोळे मिटले. अण्णा लायब्ररी सांभाळतच राहिले. कोपरला चौथरा झाला. सखुबाई म्हातारी झाली तशी मिठाची पाटी सुनेनं घेतली, आणि अवसेला त्या दगडापुढे नारळाऐवजी मूठभर मीठ ठेवायची चाल पडली. बखरीत तसं आहे, असं लोक सांगत. कुठल्या बाईनं वाचलं म्हणून विचारलं तर कमळाबाईंचं नाव सांगत. कमळाबाईंनी कधी कुणाला दुरुस्त केलं नाही.

प्लेगाच्या आदल्या वर्षी मुंबईहून लायब्ररीत एक नवी कादंबरी आली. वर चक्क बाईचं नाव छापलेलं, रत्नागिरीच्या मास्तरीणबाईंचं. कमळाबाईंनी ती आधी स्वतःकडे मागवली. दोनदा वाचली. त्यात खाडी होती, ओहोटी होती, डोळ्यांनी अधू सासूही होती. मीठ त्यांनी पानापानावर शोधलं. मीठ कुठेच नव्हतं. ते तिनं इकडेच ठेवलं होतं.

दुसऱ्या रविवारी अण्णांच्या हातात चिठी आली. पुन्हा अकरा घरं होती आणि अकराही घरांपुढे त्या एकाच कादंबरीचं नाव होतं, सुबक अक्षरात. लिहिणारीचं नाव मात्र कमळाबाईंनी घातलं नव्हतं.